कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवू नये

आमच्या लहानपणी वरवे बुद्रुकमध्ये भोपळा विकत आणणं कमीपणाचं होतं. पहिला पाऊस झाला की उकिरड्याच्या कडेला बी टोचायचं, वेल पडवीच्या कौलांवर चढवून द्यायचा आणि दसऱ्यापर्यंत वर बघत राहायचं. आता हायवेलगतच्या सोसायट्यांतली मुलं ऑक्टोबर संपता संपता आईबापांना मंडईत ओढून नेतात, नाहीतर मोबाइलवर ऑर्डर टाकतात. भोपळा घरी येतो तो थेट हॅलोविनचं कोरलेलं भूत व्हायला.

आमच्या पिढीने यावर फार नाक मुरडू नये. कोरीवकाम आम्हीही करत होतो. फळ मुठीएवढं झालं की बाभळीच्या काट्याने त्यावर आपलं नाव ओरखडायचं. भोपळा फुगेल तसं नावही फुगायचं. अक्षरं जाड, खरखरीत आणि मातकट होऊन सालीवर उठून यायची. ज्याचं नाव त्याचा भोपळा, हा पोरांपुरता कायदा. मात्र कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायची बंदी होती, दाखवलं की ते सडतं म्हणे. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवायचं. फळं सडायची फळमाशीने आणि बोलणी खायचो आम्ही.

निवड तेव्हाही व्हायची. देठ वाळलाय ना, नख सालीत रुतत नाही ना, टिचकी मारली की आतून घुमतं ना, एवढं बघून भोपळा खाली उतरायचा आणि माळ्यावर जायचा. आजची मुलं बूड सपाट आहे का, गाल दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का, हे बघतात. आम्ही आतल्या गराचा अंदाज घ्यायचो, ही मुलं तोंड बघून पसंत करतात. त्यांचंही बरोबरच आहे, त्यांना तोंडच हवं असतं.

चिरण्याचा सोहळा मात्र आठवला की हसू येतं आणि पाठोपाठ रागही. अख्खा भोपळा बाईमाणसाने चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा. पुरुष शेतावर, नाहीतर पुण्याला कामाला. मग घरभर बायका असूनही शेजारचं नाक पुसता न येणारं पोरगं बोलावून आणायचं, त्याच्या हाताने विळा टेकवायचा आणि त्यानंतर आई, काकू, आजी मिळून सगळा भोपळा फोडायच्या. सोसायटीत आज आई बिनदिक्कत सुरी चालवते आणि बाबा व्हिडिओ काढतात. या बाबतीत तरी जुनं गेलं ते उत्तम झालं.

भुतं आम्हाला नवी नव्हती. पिंपळावर मुंजा, विहिरीत हडळ, आणि नजर लागू नये म्हणून चौकटीवर टांगलेला कोहळा. खंडेनवमीला बळी म्हणून कोहळा कापून त्यावर कुंकू टाकायचं. ही रीत टिकून आहे. वर्कशॉपच्या दारात आजही कोहळे फुटतात आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो. ही रीत गेली तर मी रडणार नाही.

रडू येतं ते कारिटासाठी. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बांधावर, कुंपणावर ती कडूजहर फळं शोधत हिंडायचं. पिवळी पडलेली, टणक, अंगठ्याखाली फटकन फुटतील अशी. पहाटे उटणं लावून अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं. नरकासुर मेला! कारिटाचं बी जिभेला लावायचं, तोंड वाकडं करायचं आणि मग फराळावर तुटून पडायचं. आता बांधांचे प्लॉट झाले आणि कारीट मंडईत विकत मिळतं. 2024 साली नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली होती, म्हणजे सकाळी कारीट आणि संध्याकाळी हॅलोविन. असुर दोन्हीकडे, फळ दोन्हीकडे भोपळ्याच्याच कुळातलं.

भोपळा कोरणं हे परक्यांचं खूळ, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आयर्लंडमधले लोक आधी सलगम कोरत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना मोठा, पोखरायला सोपा भोपळा सापडला. आणि ज्याला आम्ही गावरान म्हणत होतो तो आमचा लाल भोपळाही मूळचा अमेरिकेतलाच. समुद्रमार्गे येऊन आमच्या उकिरड्यावर रुजलेला. त्याच्या आधीपासून इथला म्हणावा तर तो कोहळा.

तरी एक गोष्ट सलते. भोपळा मोठा, घर त्याला पुरं पडायचं नाही, म्हणून फोडी घरोघर जायच्या. त्या कुठल्या आळीपर्यंत जायच्या आणि कुठे थांबायच्या, हेही ठरलेलं होतं, ते विसरून हळवं व्हायचं कारण नाही. पण वाया काही जायचं नाही. गराचे घारगे, बिया वाळवून खायला, साल गुरांना. आज कोरलेला भोपळा आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन दिवसांत बोळक्या म्हाताऱ्यासारखा आत ओढला जातो, त्यावर चिलटं घोंगावतात आणि तो ओल्या कचऱ्यात पडतो. गर तर कोरतानाच गेलेला असतो.

तेव्हा पोरांनो, भोपळा खुशाल कोरा, दात हवे तेवढे काढा. फक्त आतून निघालेला गर किसून ठेवा. वाटीभर किसाला पाऊण वाटी गूळ घालून चमचाभर तुपावर शिजवा, चिमूटभर मीठ आणि जायफळ टाका, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक मळा, थापा आणि तळा. आणि शेजारच्या दारी द्यायला निघालात तर मधलं एकही दार वगळू नका.