पडघ्याच्या बांधावर

भिवंडीहून नाशिककडे निघालो की पडघा लागते. चंद्रपूरची वीज 752 किलोमीटर धावून इथल्या उपकेंद्रात येते. एवढे मोठे मनोरे, पण भात कापले की पोरांना खेळायला खाचरच पुरते.

यंदा गावचा संघ हरतोच आहे. बांधावर एक काका चिडले होते. शेवटच्या षटकात उंच मारून झेलबाद होणाऱ्या पोराला काढा, वहीत त्याच्या धावाच नाहीत, म्हणे.

मुलाकडे अमेरिकेत राहून आलेले गुरुजी म्हणाले, "बेसबॉलमध्ये उंच झेल गेला, तरी झेलानंतर तिसऱ्या तळावरचा गडी घर गाठतो. ती धाव धरतात. 1954 पासून असा बाद मारणाऱ्याच्या सरासरीत मोजत नाहीत. आपल्याकडे झेल गेला की धावही गेली."

"मग आपल्या पोराचं काय?"

गुरुजींनी पळवणकर बाळूंचे नाव काढले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ 14 प्रथम श्रेणी सामन्यांपैकी 10 हरला. बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले धाकट्या विठ्ठलला, 1923 साली.

काका गप्प झाले. वही मागून घेतली, पोराच्या नावापुढे काहीतरी लिहिले. पुढच्या रविवारी त्याला घ्यायचे की नाही, हे मात्र दिवेलागणीपर्यंत ठरले नव्हते.