पत्त्यापुरता बदल

बदलीच्या नोकरीत माणूस पुढे जातो आणि त्याची पत्रे मागून येतात. जुन्या बिऱ्हाडी आलेल्या पाकिटावरचा पत्ता खोडून कोणी शेजारी नवा लिहितो. आतल्या मजकुराला हात लावीत नाही. गिंडीच्या कचेरीत संगणकापुढे बसलो की मला त्या पाकिटांची आठवण होते.

शेजारच्या आयआयटीत १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ जाळ्याचे एक केंद्र होते. मुंबईची एनसीएसटीही त्याच जाळ्यात होती. त्या अक्षरमय जमान्याच्या वळणाची ‘मट’ ही आज्ञावली मी आजही वापरतो. मायकेल एल्किन्स यांनी ती १९९५ साली रचली. आलेले पत्र पुढे धाडण्याच्या तीत दोन वाटा आहेत. ‘एफ’ दाबले, तर पत्र माझ्या नावाने जाते आणि उत्तर माझ्याकडे येते. ‘बी’ दाबून नवा पत्ता दिला, तर मूळ लेखकाचे नाव, विषय, मजकूर तसेच राहतात. मी पाठविल्याची नोंद तेवढी माथ्याच्या ओळींत पडते. उत्तर थेट मूळ लेखकाला पोचते.

भेद लहान दिसतो. परंतु निवृत्तिवेतनासाठी एखादी विधवा माझ्या जुन्या हुद्द्याच्या समजुतीने मला लिहिते, तेव्हा तिचे पत्र माझ्या नावाने गेले, तर उत्तराला माझा उंबरा ओलांडावा लागतो. मी रजेवर असलो, तर ते तेथेच खोळंबते. म्हणून मी ‘बी’ दाबतो. खुर्ची सोडण्याची आपणां बदलीच्या माणसांना सवय असते. मध्यस्थाचा मान सोडणे मात्र जड जाते.