कसारा लोकलची भाजी

कल्याण स्थानकात कसाऱ्याहून येणाऱ्या पहाटेच्या लोकलचा लगेजचा डबा रिकामा होताना एकदा पाहावा. खर्डी, आसनगाव, वाशिंदकडच्या आदिवासी व कुणबी भगिनी भाजीच्या पाट्या उतरवतात. पावसाच्या तोंडावर शेवळे, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. थंडीत मेथी, मुळा, वालाच्या शेंगा. विहारातले आम्ही पाच-सहा जण रविवारी याच भगिनींची वाट पाहत पश्चिमेला उभे असतो. कमी पडले तर लक्ष्मी मार्केट आहेच.

वालधुनी, कोळसेवाडी, मोहने या भागांत आपल्या समाजातली पुष्कळ वृद्ध माणसे एकटी राहतात. कोणी जन्मभर ठेकेदाराकडे बिगारी केली, कोणी २००९ साली बंद पडलेल्या एन.आर.सी. कारखान्यात होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळते. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाले. (ते दर महिन्याला वेळेवर येतात असे मात्र कोणी समजू नये.) त्यातून गॅस, औषधे, विजेचे बिल गेले की भाजीला काय उरणार? डॉक्टर सांगतात पालेभाजी खा, आणि ताटात भात, मिरचीचा ठेचा, फार तर बटाटा. रुळांच्या कडेचा पालक स्वस्त मिळतो, पण नाल्याच्या पाण्यावर वाढलेला तो पाला म्हाताऱ्या माणसांना द्यायला आमचे मन घेत नाही.

हा विषय निघाला वर्षावासात, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन संपल्यावर. एका तरुण उपासकाने सुचवले, बाजार उठताना व्यापारी उरलीसुरली भाजी फुकट देतात, तीच वाटू या. मागे बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या आजी ताडकन म्हणाल्या, “बाबांनी महाडला काय सांगितलं? उष्टंशिळं सोडा. माझ्या आईनं भाकर मागणं सोडलं, ते मी म्हातारपणी धरू व्हय?” सभेत कोणी बोलले नाही. १९२७ च्या महाड परिषदेतले ते भाषण आपण दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो. आजींच्या आईने ते घरात पाळले होते.

मग ठरले ते असे. भाजी ताजी आणि विकत आणलेली. निवडून घेणार वृद्ध स्वतः, आणि पैसेही देणार. कोणतीही जुडी पाच रुपये. वरची रक्कम नोकरदारांच्या वर्गणीतून. घासाघीस करायला मुभा आहे, आणि आजी ती पुरेपूर घेतात! ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या दारात मुले पाटी नेतात. पिशवी भरून हातात द्यायची नाही. पाटी खाली ठेवायची आणि थांबायचे, मग निवडायला अर्धा तास लागो.

आळवी गावी तथागतांनी हरवलेला बैल शोधून उपाशी आलेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घातले, धम्म नंतर सांगितला. आमच्या विहारातही आता रविवारी आधी भाजी, मग वंदना असा क्रम पडला आहे. काही ज्येष्ठांना तो रुचत नाही.

डोंबिवलीत अजून जमलेले नाही. ठाण्याच्या धम्मबांधवांनी वागळे इस्टेट भागासाठी जांभळी नाक्यावरून भाजी नेऊन पाहिली. तिथे अडचण वेगळी. झोपडी जाऊन सात मजली इमारत मिळाली, पण लिफ्ट बंद. पाटी सातव्या मजल्यावर चढवायला तरुण हात लागतात, आणि परीक्षा आल्या की ते आमच्याकडेही कमी पडतात. ज्यांना रविवारी सकाळी दोन तास मोकळे असतील त्यांनी साडेसहाला यावे. पाट्या आमच्याकडे आहेत. सुट्टे पैसे मात्र आणावेत.