वाटायची परवानगी

कळंबात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शिराढोण, इटकूर, येरमाळा इथून गिऱ्हाइकं येतात. मोबाइलवर नेट आता बहुतेकांकडे असतं. पण दिवसाच्या दीड जीबीत पाच-सहा जीबीची उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल कोण उतरवत बसणार? म्हणून ती मी उतरवतो आणि पेनड्राइव्हवर देतो. पूर्वी उबुंटूच्या सीड्या पोस्टाने फुकट घरी यायच्या. 2011 मध्ये ते बंद झालं आणि इथला पोस्टमन मी झालो.

उबुंटू देताना मनात किंतु नसतो. कॉपी करा, वाटा, हवं तर पैसेही घ्या, असं त्यातल्या बहुतेक गोष्टींच्या परवान्यातच लिहिलेलं असतं. अडतं ते दुसरीकडे. लोक म्हणतात, "फुकटच आहे ना, टाका की!" पण कितीतरी सॉफ्टवेअर मालकाच्या साइटवरून स्वतः उतरवलं तरच फुकट असतं. जेवण मोफत, मात्र पंगतीला स्वतः या. डबा मिळणार नाही. ज्याच्या गावात रेंज नाही, त्याने काय करायचं?

वाय-फायच्या फर्मवेअरची, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, तर तिसरीच जात. कोड झाकलेला, बदलायची मुभा नाही. तरी बऱ्याच कंपन्या जसंच्या तसं वाटू देतात. डेबियन या उबुंटूसारख्याच सिस्टिमचे लोक ते 'नॉन-फ्री' नावाच्या वेगळ्या खणात ठेवायचे, अधिकृत सीडीवर घेत नसत. सीडी काढणाऱ्याने प्रत्येक परवाना आपापला वाचावा, असा त्यांचा सल्ला. मी शब्दकोश घेऊन वाचायचो.

एका गुरुजींना मी डेबियनची ती फर्मवेअरविना शुद्ध आवृत्ती टाकून दिली. संध्याकाळी फोन आला, "अहो, तुमचं हे सोवळ्यात आहे का? वाय-फायला शिवतच नाही!" त्यांच्या चिपचं फर्मवेअर वाटायलाच परवानगी नव्हती. डेबियनमध्ये होतं ते फक्त नेटवरून फर्मवेअर आणणारं पॅकेज. म्हणजे नेट लावायला आधी नेट हवं.

2022 मध्ये डेबियनने यावर मतदान घेतलं आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून वाटता येण्याजोगं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. काहींना हा बाटलेपणा वाटला. मला वाटला नाही. घरात फायबर असलेल्याला सोवळं परवडतं.

गुरुजींच्या चिपचं फर्मवेअर मात्र त्यातही नाही. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्यावं लागतं. तेव्हा दुकानात येताना केबल आणा. नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी.