पाताळेश्वराचा काळा

पुणे, आषाढ

प्रिय ताई,


फोटो पाहून तू विचारलंस, सगळीच चित्रं काळी का रे, घरी सगळं ठीक आहे ना? अगदी ठीक आहे. गेला पावसाळाभर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात जाऊन बसत होतो, त्याचा हा प्रताप.

आठव्या शतकातलं लेणं. बाहेर रिक्षांचा कलकलाट आणि आत कातळातून कोरलेला तो गोल नंदीमंडप. पाऊस आला की खांबांची बाहेरची बाजू भिजते, आतली छपराखाली कोरडी राहते. दगड एकच, पण आत करडा-तपकिरी आणि बाहेर निळसर काळा. आपण पुणेकर बिनदिक्कत ‘काळा पाषाण’ म्हणून मोकळे होतो. एकदा खाली बसून बघ, त्यात काळं फार थोडं सापडतं.

आयव्हरी ब्लॅकची ट्यूब त्यामुळे बंदच ठेवली आहे. हाडं जाळून केलेला रंग तो. पूर्वी खरंच हस्तिदंत जाळत. चित्रकार रझांच्या ‘बिंदू’तला सपाट, ठाम काळा सगळं चित्र स्वतःकडे ओढून घेतो. मला दगडाकडून तशी हुकमत नको होती. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घेतले. दोन्ही एकत्र घोटले की निळ्याकडे झुकणारा किंवा तांबूस, हवा तसा काळोख मिळतो. सिएना म्हणजे लोहयुक्त माती भाजून केलेला रंग. आपला बेसॉल्ट उन्हापावसात तपकिरी पडतो, तोही त्यातलं लोखंड गंजल्यामुळेच. म्हणजे खांबावर जे आहे तेच माझ्या ट्यूबमध्ये. हे लक्षात आल्यावर मी उगीचच खूश होऊन अमृततुल्यात जाऊन चहा घेतला.

पण ओला दगड काही केल्या साधेना. निळं वाढवलं तर तो रंगवलेला दिसे, भिजलेला नाही. दगड भिजतो तेव्हा त्याचा रंग बदलतच नाही, ताई. पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांत पाणी भरतं, उजेड इकडेतिकडे कमी विखुरतो आणि म्हणून दगड गडद दिसतो. तैलरंगात हे काम तेल करतं. टर्पेंटाइन जास्त घातलं की रंग वाळल्यावर निस्तेज, खडूसारखा होतो. जवसाचं तेल जास्त असलं की खोल आणि तकतकीत. तेव्हा नव्या चित्रांत सबंध खांबाला एकच मिश्रण आहे. कोरड्या बाजूला टर्पेंटाइन, ओल्या बाजूला तेल, एवढाच काय तो फरक. त्यात आपल्या धंद्यातला जुना नियम असा की आधी कमी तेलाचा थर, वर जास्त तेलाचा. उलट केलं तर पुढं भेगा पडतात. त्यामुळे माझ्या कॅनव्हासवरही दगड आधी कोरडा असतो आणि मग भिजतो.

एकाच मिश्रणात काम करताना चित्रकार गायतोंड्यांची आठवण येणं अटळ आहे. ते रोलरनं रंग पसरत, पॅलेट नाइफनं काढत. त्यांच्या चित्रांत एकाच रंगाच्या पोटात इतकं काही चाललेलं असतं, की दुसरा रंग हवासाच वाटत नाही. तिथवर जायची माझी ऐपत नाही, पण दिशा तीच.

फोटोत हे काहीच उतरत नाही. मोबाइलला ओला-कोरडा भेद कळत नाही, तो सगळं सरसकट काळं करतो. तू म्हणतेस ते उभं चित्र तुला पाठवतो, पण अजून काही महिने नाही. तैलरंग नुसते सुकत नाहीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतात. चित्र आलं की खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नकोस, तिथं नुसती चकाकी दिसेल. बाजूच्या भिंतीवर लाव, म्हणजे उजेड तिरपा पडेल. आणि भाऊजींना आधीच सांगून ठेव, काच बसवायची नाही. सोफ्याला शोभत नसेल तर सोफा बदला!

तुझा
धाकटा