माशांना चुना!

‘आमच्याकडे माशांना रोज रात्री चुना लावतात.’ ऑफिसच्या कँटीनमध्ये हे वाक्य टाकलं की समोरच्याचा घास हमखास अडकतो. डायलॉग मूळचा आईचा. पण खरंच सांगते बॉस, यात फसवाफसवी काही नाही. आहे ती शुद्ध केमिस्ट्री, आणि ती आम्हा भावंडांना अजून जोडून ठेवते.

माझं घर डोंबिवली पूर्वेला, ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. म्हणजे रोजचे दोन-अडीच तास लोकल आणि रिक्षाच्या नावावर. उरलेल्या वेळात छंद बसवणं तसं कठीणच. तरी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा एक टँक आहे. दोन क्लाऊनफिश, एक कोळंबी, दहा-बारा गोगलगायी आणि दगडांवर पसरलेलं जांभळट कोरलाइन शेवाळ. बस्स. दादाचा संसार मोठा. तो जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला असतो. त्याच्याकडे तीनशे लिटरचा टँक आहे आणि त्यात चक्क जिवंत प्रवाळ आहेत. टँकमध्येच वाढवलेले, रीतसर कागदपत्रांसह घेतलेले छोटे छोटे तुकडे.

गेल्या वर्षी दादाने कॅल्शियम रिअॅक्टर घेतला आणि त्याचं ट्यूनिंग आमच्या दोघांच्या गळ्यात पडलं. इकडे रात्रीचे साडेदहा, तिकडे संध्याकाळचे सात. व्हिडिओ कॉल लावायचा, तो बुडबुडे मोजणार आणि मी एक्सेल शीट भरणार. इतरांची भावंडं फोनवर काय बोलतात मला माहीत नाही, आमचं हे असं असतं.

आता हा रिअॅक्टर कशाला लागतो? प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतो आणि त्यातून आपला सांगाडा बांधतो. समुद्रात मालाला तोटा नाही. पण काचेच्या पेटीत काही दिवसांतच गोदाम रिकामं व्हायला लागतं. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास हवं आणि अल्कलिनिटी साधारण ८ डिग्री. ही पातळी रोज टिकवायची, तीही धक्के न देता.

शाळेतला प्रयोग आठवतोय? चुन्याच्या निवळीत स्ट्रॉने फुंकायचं की ती दुधाळ होते. बहुतेकांचा प्रयोग तिथेच संपायचा. पण फुंकतच राहिलात तर दुधाळपणा हळूहळू जातो आणि पाणी परत नितळ होतं! आधी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ तयार होतो. मग आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की तोच गाळ बायकार्बोनेट होऊन विरघळतो. कॅल्शियम रिअॅक्टर म्हणजे प्रयोगाचा हा दुसरा भाग, चोवीस तास चालणारा. एका नळकांड्यात जुन्या प्रवाळांच्या सांगाड्यांची खडी भरायची. टँकचं पाणी त्यातून फिरवायचं. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. पाणी आम्लधर्मी झालं की खडी विरघळते आणि कॅल्शियमने भरलेलं पाणी थेंबाथेंबाने टँकमध्ये परत जातं.

ऐकायला सोपं आहे ना? पण कॉक दोन आहेत, एक गॅसचा आणि एक पाण्याचा. एकाला हात लावला की दुसऱ्याचं गणित बदलतं. नळकांड्यातला पीएच ६.५ ते ६.८ च्या मध्ये हवा. ७ च्या वर गेला तर खडी ढिम्म. फार खाली गेला तर खडीचा चिखल. म्हणून आम्ही आधी हिशोब मांडला. दादाचे प्रवाळ दिवसाला १.४ डिग्री अल्कलिनिटी खातात. गुणिले ३०० लिटर, म्हणजे ४२०. रिअॅक्टरमधून येणारं पाणी २८ डिग्रीचं, टँक ८ चा, म्हणजे लिटरमागे कमाई २०. ४२० भागिले २०, दिवसाला २१ लिटर. मिनिटाला साधारण १५ मिली. पाण्याचा कॉक तिथे बसवला आणि गॅस मिनिटाला बारा बुडबुड्यांवर सुरू केला.

त्यानंतरचा नियम एकच. एका वेळी एकच कॉक, तोही अगदी किंचित, आणि मग चोवीस तास हात खिशात! दुसऱ्या दिवशी त्याच वेळी टेस्ट. आपल्यासारख्यांना, ज्यांना मेलला दहा मिनिटांत रिप्लाय आला नाही तर बेचैन व्हायला होतं, त्यांना ही शिक्षाच वाटते. दादा म्हणायचा, ‘अगं, अजून थोडं वाढवू का?’ मी शीटवर नजर ठेवून म्हणायचे, ‘उद्या.’ तीन आठवडे ‘उद्या, उद्या’ करत आकडा ८ वर आला आणि तिथेच राहिला. त्या रात्री आम्ही अर्धा तास फक्त टँककडे बघत बसलो. कोणी काही बोललंच नाही.

माझ्या टँकला एवढा थाट लागत नाही. गोगलगायी आणि शेवाळाची भूक छोटी. मी प्रयोगाचा पहिला भाग वापरते, चुन्याची निवळी. जर्मन लोक याला ‘कल्कवासर’ म्हणतात. पानवाल्याचा चुना नव्हे हं, शुद्ध प्रतीचा. लिटरला जेमतेम दीड ग्रॅम. दिवसभरात जेवढं पाणी उडून जातं, तेवढी निवळी रात्री थेंबथेंब सोडायची. घाई केली तर पीएच एकदम चढतो. तसा तो आमच्याकडे खाली यायलाही निमित्त शोधत असतो. गणपतीत दारं-खिडक्या लावून, एसी सुरू करून हॉलमध्ये वीस पाहुणे बसले, की सगळ्यांचे श्वास पाण्यात उतरतात आणि मीटरवरचा आकडा घसरतो. आई आता आरतीआधी स्वतःच खिडकी उघडते!

हेच मोठ्या प्रमाणावर समुद्रात चाललंय. कारखाने सुरू होण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. त्यातला बराचसा समुद्र पितो आणि त्याचा पीएच ०.१ ने उतरलाय. आकडा छोटा वाटतो, पण प्रवाळांना सांगाडा बांधणं त्याने जड जातं. वर उष्णता आहेच. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडणं. त्याच वर्षी आपलं लक्षद्वीपही पांढरं पडलं. दादाच्या नळकांड्यात खडी विरघळताना बघितली की मला हे आठवतंच.

मध्यंतरी एका विक्रेत्याने मला विचारलं, ‘मॅडम, हार्ड कोरल हवंय? तुकडा मस्त आहे, कागदाचं नंतर बघू.’ फोटो बघून जीव वर-खाली झाला, खोटं कशाला सांगू? दादाकडे आहे, मग माझ्याकडे का नको? पण आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. २००१ साली सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. म्हणजे वाघाच्याच यादीत! २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचं बंधन आलं. मुंबईचा हजारो कोटींचा कोस्टल रोड बांधताना २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ आधी परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हलवावे लागले. सरकारला जे विचारून करावं लागतं, ते मी ‘नंतर बघू’वर कसं करणार? मी नाही म्हटलं. दोन दिवस चुटपुट लागली, मग गेली.

आणि तुम्हालाही प्रवाळ बघायचेच असतील तर घरात आणायची गरज नाही. ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’वाले २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेऱ्या काढतात. रविवारी लोकलला गर्दीही कमी असते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, पकड असलेले बूट घाला, जमिनीकडे बघत चाला आणि कशालाही हात लावू नका. चुना लावायचाच असेल, तर आपल्या टँकला लावा. समुद्राला नको.