पाऊस, ‘पाठलाग’ आणि आजी

आषाढातला रविवार. सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. बाहेर पडायची सोय नव्हती अन् अभ्यासाचं पुस्तक हातात धरवत नव्हतं. अशा वेळी टी.व्ही.वर ‘पाठलाग’ लागला. राजा परांजपे यांचा, १९६४ सालचा, कृष्णधवल. मी नाक मुरडलं. शेंगा सोलत बसलेली आजी मात्र ताठ झाली. “अगं, लग्नानंतर ह्यांच्याबरोबर पाहिलेला हा माझा पहिला सिनेमा!”

थोड्याच वेळात माझं नाक सरळ झालं! वकिलाची बायको वारलेली. आणि अगदी तिच्यासारखी दिसणारी बाई कोर्टात उभी राहून म्हणते, मीच ती! नवराबायकोखेरीज कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टीही ती सांगू लागते. काशिनाथ घाणेकर चक्रावलेले आणि त्यांच्याइतकीच मीही. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. १९६६ साली राज खोसला यांनी त्याचाच ‘मेरा साया’ केला, तो काही उगीच नाही. भूत नको, रक्त नको, ‘ही कोण?’ एवढा एकच प्रश्न माणसाला खुर्चीला खिळवून ठेवतो.

आणि ऐन रंगात आलेलं असताना लाईट गेली!

“आजी, शेवट सांग ना!”

“छट्! ह्यांनी थेटरातून निघतानाच बजावलं होतं, ज्यानं पाहिला नाही त्याला शेवट सांगायचा नाही.”

अंधारात पत्र्यावरचा पाऊस तेवढा वाजत होता. बऱ्याच वेळानं आजी म्हणाली, “तेव्हा मला त्या वकिलाचं पटलं होतं. गेलेलं माणूस परत येतं का कधी? पुरावा मागायलाच हवा. पण आता हे असे दारात येऊन उभे राहिले ना, तर मी नाही हो पुरावा मागायची.”

आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. आजी त्यांच्याविषयी फारसं बोलत नाही, म्हणून ती सावरली असं आम्ही घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं! मला काही बोलता येईना. मी नुसती तिच्याजवळ सरकले आणि शेंगा सोलू लागले.

लाईट आली तेव्हा चित्रपट संपला होता. मोबाईलवर शोधला तर शेवट आजही पाहता येईल. पण मी पाहिलेला नाही. तो मला आजीशेजारी बसूनच पाहायचा आहे.